कोंडावरची काशी

पाष्ट्यांच्या काशीला वाडीत गोड बोलणारी बाई म्हणून कुणी ओळखत नाही. वाडीतल्या निम्म्या घरांशी तिचं कधी ना कधी वाजलेलं आहे. कधी गडग्याच्या सरकलेल्या दगडांवरून, कधी शेतात शिरलेल्या गुरांवरून, एकदा तर देवळातल्या प्रसादाच्या नारळावरून. पण कुणाकडे कार्य निघालं आणि पाणी कमी पडलं, तर पहिला हंडा काशीच्या दारातून निघतो आणि तो मागायला कुणाला संकोच वाटत नाही. 'नाय' हा शब्द तिच्या जिभेवरच बसलेला असतो. पाण्याला मात्र ती कधी कुणाला नाही म्हणालेली नाही.

याचं मूळ तिच्या माहेरात आहे. माहेर लांज्याच्या वरच्या अंगाला, उघड्या कातळावर. शिमगा सरला की तिथल्या विहिरी तळाला जायच्या. मग काशी आणि तिची आई घाटी उतरून झऱ्यावर जायच्या आणि करवंटीने पाणी गोळा करत बसायच्या. हंडा भरेपर्यंत ऊन डोक्यावर येई. धाकूचं स्थळ आलं तेव्हा तिचा बाप घर बघायला पावसच्या बाजूला उतरला. परत आला तो मुलाबद्दल काही बोलेचना. शेत किती, भाऊ किती, काही नाही. नदीला केवढा कोंड, केवढा खोल डोह आहे, भर वैशाखात त्यात म्हशी गळ्यापर्यंत बुडतात, एवढंच सांगत राहिला. "माझ्या बापानं नवरा बघितलाच नाय, पानी बघितलं," असं काशी पुढे सगळ्यांना धाकूच्या देखत सांगायची, आणि धाकू बिडीचा झुरका घेत हसायचा.

त्या नदीला सरकारी नकाशात काही नाव असेल तर वाडीला ते ठाऊक नाही. वाडी तिला नदी म्हणते. पावसाळ्यात ती साकवावरून धावते, दिवाळीनंतर अंग चोरते, आणि माघात तर दगडांमधून नुसती पाझरत असते. वाडीच्या खाली ती वळते तिथे आसरांचा कोंड आहे. कोंडात साती आसरा, पाण्यातल्या देवता, राहतात असं जुने लोक मानतात, म्हणून तिथे चूळ भरायची नाही, चपला घालून उतरायचं नाही. काठावरच नळपाण्याची विहीर. कोंड भरलेला तर विहीर भरलेली. त्यासाठी दरवर्षी भात झोडून झालं की अख्खी वाडी नदीत उतरते आणि धोंडे, झावळ्या, माती रचून बांध घालते. काशी लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिने एकही बांध चुकवलेला नाही. मुलाच्या, नितेशच्या वेळी दिवस भरत आले होते, तेव्हासुद्धा ती काठावर बसून कुठला धोंडा हलतोय ते ओरडून सांगत होती.

नदीच्या पलीकडच्या अंगाला हापूसची बाग. वाडीतले पुरुष तिथे फवारणीला आणि आंबे उतरवायला जात, बायका बेणणीला म्हणजे गवत काढायला, खत घालायला आणि सीझनला आंबे निवडून पेट्या भरायला. धाकूची सगळी उमर त्या बागेत फवारणी करण्यात गेली. जुने मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते वारले आणि त्यांचा मुलगा संदेश रत्नागिरीतलं दुकान सोडून बागेत येऊन राहिला. माणूस आळशी नव्हता. स्वतः पहाटेपासून कलमांखाली फिरायचा. शेजारच्या दोन बागा त्याने कराराने घेतल्या. गडी त्याला शेठ म्हणू लागले. काशीने त्याला दप्तर घेऊन शाळेत जाताना बघितलेलं. ती संदेशभाऊच म्हणत राहिली.

कलमं वाढली तशी फवारणी वाढली. भाऊंच्या काळात औषध वर कातळावर कालवलं जाई, बागेतल्या विहिरीच्या पाण्यात. आता ती विहीर पुरेना. संदेशने कोंडावर पंप बसवायचं ठरवलं. वाडीला विचारूनच बसवला, आणि वाडीने हो म्हटलं. जो हाताला काम देतो त्याला पाणी नाही कसं म्हणायचं? पण पंप आला म्हटल्यावर औषध पाण्याजवळच कालवणं सोयीचं वाटू लागलं. पिंपं काठावर आली. संध्याकाळी काम सुटलं की ती पिंपं, नळ्या, फवारणीच्या गन, गड्यांचे हातपाय, सगळं कोंडातच धुतलं जाऊ लागलं.

काशी धाकूला एकदोनदा बोलली. एवढ्या नदीला दोन बादल्यांनी काय होतंय, असं तो म्हणाला. नदी कुठे वाहते आहे, आपणच तर तिला बांध घालून अडवली आहे, मग ते औषध जाणार कुठे, असं तिने विचारलं. त्यावर धाकू जेवायला वाढ म्हणाला.

पुढच्या वर्षी मोहोर उशिरा आला आणि आला तो तुडतुड्यांनी धरला. संदेशने जहाल औषध आणलं. एक फवारणी सुकते न सुकते तोच दुसरी. त्या दिवसांत एका सकाळी काशी हंडा-कळशी घेऊन विहिरीकडे उतरली. कोंडावर पांढुरकी साय दिसली, तिला वाटलं धुकं असेल. जवळ गेली तर मासे. बोटाएवढे, पंजाएवढे, सगळे पोट वर करून. कुर्ल्या जीव वाचवायला पाण्यातून बाहेर चढल्या होत्या आणि दगडांवरच आकसून मेल्या होत्या. आणि घशात खवखवणारा तो वास. तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. धाकूच्या सदऱ्याला तो रोज संध्याकाळी यायचा. इतकी वर्षं तीच तो सदरा धूत आली होती.

तिने आरडाओरडा केला नाही. रिकामा हंडा काठावर पालथा घातला, पाखाडीच्या पायऱ्या चढून वर आली आणि दारोदार सांगत गेली: पाणी भरू नका, भरलेलं असेल ते ओता, गुरं खाली सोडू नका. शेजारची श्रद्धा अंगणवाडीत मदतनीस होती, तिने धावत जाऊन नळाचा पंप बंद करायला लावला. मग काशी स्वतःच्या घरी आली. धाकू पडवीत चहा पीत बसला होता. काल पिंपं कुणी धुतली, असं तिने विचारलं.

"मीच धुतली," धाकू म्हणाला. "रोज धुतो तशी."

काशीने दांडीवरचा त्याचा फवारणीचा सदरा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"हा आता कुठं धुवू, तेवढं सांगा."

धाकूने बशी खाली ठेवली. त्या दिवशी तो कामावर गेला नाही.

मासे उचलून पुरायला वाडीला दोन दिवस लागले. ग्रामपंचायतीच्या माणसाने पाण्याचा नमुना नेला आणि काही दिवसांनी निकाल आला की पाणी पिण्यास योग्य आहे. श्रद्धाने चौकशी केली तेव्हा कळलं की ती तपासणी जंतूंची होती. औषधाची तपासणी वेगळी, ती दुसरीकडे पाठवावी लागते आणि तिला वेळ लागतो. तोवर वाडी कातळावरच्या दुसऱ्या वाडीच्या बावीवरून पाणी आणत होती. बायकांना चढाला दम लागायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांनी काशी पुन्हा हंडा घेऊन घाटी चढू लागली होती, आणि दर खेपेला तिचा राग थोडा वाढायचा.

ग्रामसभा बोलावली गेली. संदेशही आला. त्याने निकालाचा कागद वाचून दाखवला आणि शांतपणे सांगितलं की पोरं मासे मारायला नदीत ब्लिचिंग टाकतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यातलंच काहीतरी झालं असेल. आमच्या पिंपांमुळे झालं हे कुणी बघितलं?

सभेला बसलेल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या बागेत कामाला होतं. सरपंच घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा काशी उठली. पदर खोचलेला, आवाज नेहमीसारखाच मोठा.

"पिंपं धुतली ती माझ्या नवऱ्यानं. बाग तुमची, औषध तुमचं, कोंड आमचा. ते इथंच बसलेत, त्यांनाच विचारा."

सगळ्यांच्या माना धाकूकडे वळल्या. भर सभेत नवऱ्यावर बोट ठेवणारी बाई वाडीने कधी पाहिली नव्हती. धाकू उठला, पण मान वर केली नाही.

"धुतली मी," तो म्हणाला. "शेठनी तिथं धुवा असं कधी सांगितलं नाय. पन दुसरीकडं कुठं धुवायची, तेबी कधी सांगितलं नाय."

एवढं बोलून तो निघून गेला. घरी आला नाही. थोरल्या भावाच्या पडवीत जाऊन राहिला आणि पुढचे कित्येक दिवस तिथेच जेवला. काशीने त्याला बोलवायला कुणाला पाठवलं नाही. जाऊबाई बावीवर मुद्दाम मोठ्याने म्हणाली की काही बायकांना घरातलं झाकायचं कळत नाही. घरातलं असतं तर झाकलं असतं, हे वाडीचं पाणी आहे, असं काशीने तिला तिथेच ऐकवलं.

सभेत संदेशने शेवटी एवढंच सांगितलं होतं की ज्यांना बाग डोळ्यांत खुपते त्यांनी उद्यापासून बागेत येऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी काशी बागेत गेली नाही. ती कोंडावर गेली आणि पंपाच्या ओट्यावर जाऊन बसली. पिंपं धुवायची जागा नदीपासून लांब होईपर्यंत कोंडात पाइप पडणार नाही, असं तिने येईल त्याला सांगितलं. सोबत श्रद्धा आणि आणखी दोघी होत्या. गडी पाइप घेऊन आले. त्यांतला एक श्रद्धाचा दीर, एक काशीचा पुतण्या. त्यांनी ओट्यावर बसलेल्या बायका बघितल्या, थोडा वेळ पायाने माती उकरली, आणि पाइप खांद्यावर टाकून परत गेले. दुपारपर्यंत ओट्यावर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. भाकऱ्या तिथेच आल्या. कुणीतरी कुळीथ निवडायला आणले, कुणी झाडू वळत बसल्या. आठवडाभर बायकांनी आळीपाळीने ओटा सोडला नाही.

मग संदेशने वाडीचं काम बंद केलं. सगळ्यांचंच.

आता कुरकुर सुरू झाली. औषधाचं पाणी एवीतेवी पावसाळ्यात वाहून जाणार होतं, सीझन मात्र परत येणार नव्हता, असं लोक म्हणू लागले. मुंबईला हॉटेलात काम करणाऱ्या नितेशचा फोन आला. गावातल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं. आई, तूच कशाला पुढे होतेस, बाबांना असं सगळ्यांसमोर कशाला आणलंस, असं तो म्हणत होता. काशीने सगळं ऐकून घेतलं.

"मी पुढं नाय झाले रे," ती म्हणाली. "बाकीचे मागं सरले."

महिन्याभरात बागेत नेपाळी माणसं आली. तीन-चार कुटुंबं, पत्र्याच्या खोपीत राहणारी. संदेशने पंपही हलवला, कोंडाच्या वरच्या अंगाला, जिथे दोन्ही काठ त्याच्या मालकीचे होते. तिथे ओट्यावर बसायची सोय नव्हती. गडग्याच्या आत पाऊल टाकलं की ती चोरीच. औषध आता वरती कालवलं जाई, पिंपं वरती धुतली जात, आणि पाझरून सगळं खाली कोंडातच येई. ओट्यावरच्या बायका एक एक करून कमी झाल्या. आपण हरलो असं कुणी बोललं नाही, पण कुणी भाकऱ्याही आणेना.

काशी एकटी जात राहिली. एका दुपारी गडग्याच्या पलीकडे तिला एक नेपाळी बाई दिसली. वीस-बावीस वर्षांची, पाठीला मूल बांधलेलं. ती नदीवर वाकून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरत होती, आणि तिच्या वर हाकेच्या अंतरावर काठावर ओली पिंपं उपडी घातलेली होती. काशीने हाक मारली. बाईने वर बघितलं, घाबरली. काशी गडगा चढून आत गेली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागली की ये पानी नको पियो, दवा है, मछली मर गया. बाईला अर्धं कळलं, अर्धं नाही. मग तिने पाठीवरच्या मुलीचा झगा वर करून दाखवला. पोरीच्या पोटावर, मांड्यांवर लाल चट्टे उठले होते. काशीने तो कॅन तिच्या हातातून घेतला आणि पाणी मातीत ओतलं.

बाईचं नाव मनमाया. तिचा नवरा बीरबहादूर नव्या गड्यांचा मुकादम होता. त्या दिवसापासून काशी कातळावरच्या बावीचं पाणी आणायची आणि एक कळशी गडग्यावर ठेवायची. मनमाया ती घेऊन जायची आणि रिकामी कळशी परत ठेवायची. मुलीचे चट्टे हळूहळू ओसरले. श्रद्धाने तिला पावसच्या सरकारी दवाखान्यात नेऊन मलमही आणून दिलं.

हे वाडीला कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त चिडल्या त्या बायकाच. जे आपलं काम घेऊन बसलेत त्यांनाच आपण डोक्यावरून पाणी पुरवायचं का, असं एकीने तोंडावर विचारलं. आपण घाटी चढून मरतोय ते कुणासाठी? त्यांना चांगलं पाणी मिळालं नसतं, ते निघून गेले असते, तर संदेशला कळलं असतं.

"माझं भांडन पिंपांशी हाय," काशी म्हणाली. "तहानेल्याशी माझं कधीच भांडन नव्हतं."

संदेशलाही कळलं. त्याने तक्रार केली की काशी पाष्टे परवानगीशिवाय बागेत शिरते आणि कामगारांना भडकवते. पोलीस चौकीतून बोलावणं आलं. जन्मात चौकीची पायरी न चढलेली काशी नवं लुगडं नेसून निघाली. श्रद्धा बरोबर होती. साकवाजवळ पोचतात तर तिथे धाकू उभा. तिच्याकडे न बघता तो त्यांच्या मागून चालू लागला. चौकीतले हवालदार वयस्कर होते, त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की मालकाच्या जागेत जायचा तिला हक्क नाही, पुन्हा गेली तर लिहून घ्यावं लागेल. ती आत काय करत होती, असं त्यांनी विचारलं.

"पानी देत होते," काशी म्हणाली.

आणखी काय, असं त्यांनी विचारलं. आणखी काही नाही, असं ती म्हणाली. मग धाकू पुढे झाला आणि पिंपं कुठे धुतली जातात, कोण धुतं, पूर्वी कोण धुवायचं, हे त्याने सगळं सविस्तर सांगितलं. हवालदारांनी तिघांनाही चहा दिला आणि घरी जायला सांगितलं. मात्र गडगा ओलांडू नका, एवढं बजावलं.

"नाय ओलांडत," काशी म्हणाली. "पन पलीकडचं कोन अलीकडं आलं, तर त्याला मी अडवनार नाय."

त्या दिवशी धाकू घरी जेवायला आला. पानावर बसल्यावर तो एवढंच म्हणाला की त्याला घशात हल्ली नेहमी खवखवतं, आणि हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काशीने त्याला आणखी भात वाढला.

मनमाया दुसऱ्याच दिवशी स्वतः गडगा ओलांडून वाडीत आली. डोक्यावर कॅन, पाठीला मुलगी. तिच्यामागोमाग बाकीच्या खोपींतल्या बायका. त्या वाडीतल्या बायकांबरोबर कातळावरच्या बावीला जाऊ लागल्या. पहिले काही दिवस दोन्हीकडच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण एकाच बावीच्या काठावर रांगेत किती दिवस गप्प बसणार? कुणीतरी मनमायाच्या पोरीच्या हातावर लाडू ठेवला, आणि बोलणं सुरू झालं.

आंबा तयार व्हायला लागला तेव्हा फवारणीचा शेवटचा हात चालू होता. एका संध्याकाळी बीरबहादूरने पिंपं नदीवर न्यायला नकार दिला. गड्यांनी ती खांद्यावरून वर कातळावर नेली आणि तिथे खड्ड्यात धुतली. संदेशने जाब विचारला. ज्या पाण्याने आपल्या पोरीच्या अंगावर चट्टे उठले त्यात औषध धुणार नाही, हवं तर हिशोब करून टाका, दुसऱ्या बागांतून बोलावणं आहेच, असं बीरबहादूरने त्याला हात जोडूनच सांगितलं. ते खरंही होतं. त्या दिवसांत आंबे उतरवायला माणूस मिळवणं म्हणजे दिवसाढवळ्या चांदण्या शोधण्यासारखं असतं. तयार झालेला आंबा कुणासाठी थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी संदेश वाडीत आला. देवळाच्या मंडपात लोक जमले. तो थकलेला दिसत होता, दाढीही वाढली होती. कातळावर सिमेंटचा पक्का हौद बांधतो, औषध तिथेच कालवू, पिंपं तिथेच धुऊ, धुतलेलं पाणी नदीत येणार नाही, असं त्याने कबूल केलं. वाडीने हवं तेव्हा येऊन बघावं. लोकांचे चेहरे उजळले. मग त्याने पुढचं सांगितलं. वाडीने कामावर परत यावं, नेपाळ्यांना तो उद्याच पाठवून देतो. त्याला वाटलं होतं, हे ऐकून वाडी खूश होईल. आणि निम्मी वाडी झालीही.

काशीने मात्र मान हलवली. त्यांना घालवायचं नाही, असं ती म्हणाली. मंडपात गलका झाला. तिचीच माणसं तिच्यावर ओरडू लागली. ती थांबली, सगळ्यांचं होऊ दिलं.

"आमी आठ दिवस ओट्यावर बसलो, काय झालं नाय," ती म्हणाली. "त्यांनी एका सांजंला पिंपं उचलली नि तुमी देवळात आलात. त्यांना हाकलून आमी हौद घ्यायचा? तो मला नको."

कुणाला हे पटलं, कुणाला नाही. पण ज्या बायका महिनाभर मनमायाबरोबर बावीवर रांगेत उभ्या होत्या, त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि त्यांच्या गप्प बसण्याने गलका खाली बसला. शेवटी ठरलं की आंबे उतरवायला नेपाळी राहतील, पेट्या भरायला वाडीतल्या बायका जातील. संदेशला तेही परवडणारं होतं, कारण सीझनला हात जेवढे असतील तेवढे कमीच. एक गोष्ट मात्र त्याने सोडली नाही. सगळ्यांनी यावं, काशीकाकींनी तेवढं येऊ नये. श्रद्धा तिथल्या तिथे म्हणाली की मग आम्हीही नाही येत. काशीने तिलाच गप्प केलं. तुझ्या घरात दोन पोरं शाळेत जातायत, तू मुकाट्याने जा, असं म्हणाली, आणि चप्पल शोधून घरी निघून गेली.

हौद बांधला तो धाकूने, दुसऱ्या एका गवंड्याला हाताशी घेऊन. संदेशनेच त्याला बोलावलं. फवारणीला मात्र तो पुन्हा गेला नाही. काशी त्या बागेत परत कधी कामाला गेली नाही. मळ्यात उन्हाळी भाताची वायंगणी करते, पावटे-कुळीथ लावते, मे महिन्यात कोकमाची आगळ काढून पावसच्या बाजारात विकते. हात थोडा आखडून राहावं लागतं, हे ती कुणापासून लपवत नाही. संदेश वाटेत भेटला तर तो दुसरीकडे बघतो. काशी बघत नाही. त्याला बोलल्याशिवाय ती पुढे जात नाही. हौदाला तडा गेलाय, पिंप अर्धं उघडं आहे, काहीतरी तिला दिसलेलंच असतं. तो उत्तर देत नाही, पण तडा दुसऱ्या दिवशी बुजलेला असतो.

औषधाच्या तपासणीचा निकाल पावसाळा उलटल्यावर कधीतरी आला. त्यात औषध सापडलं होतं. तोवर नदी सगळं घेऊन समुद्राला मिळाली होती. पुढच्या बांधाला बीरबहादूर आणि त्याचे गडी न बोलावता आले आणि वाडीने कधी हलवले नव्हते एवढे धोंडे त्यांनी हलवले. कोंडात बारीक मासे पुन्हा दिसतात. कुर्ल्या अजून दिसलेल्या नाहीत.

गेल्या माघात नदीच्या वरच्या गावाहून एक माणूस मोटारसायकलवर वाडीत आला. त्यांच्याकडे एकाने बाग कराराने घेतली होती आणि तोही काठावर औषध कालवायला लागला होता. तिथल्या बैठकीला काशीताईंनी यावं, असं त्याचं म्हणणं होतं. ती मागे बसून गेली. बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. करारवाला रत्नागिरीचा, बोलायला चतुर. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने काशीकडे बोट करून विचारलं की या बाई इथल्या नाहीत, त्यांचा इथे संबंध काय?

"मी इथली नाय," काशी म्हणाली. "पन तुमी आज धुतलेलं उद्या माझ्या दारात येतं. त्याला कुनी विचारत नाय, तू कुठल्या गावचा म्हनून."

काही ठरलं नाही. पुन्हा बसू, विचार करू, असं म्हणत करारवाला उठला, पंचायतीचे लोक उठले, मागच्यांनीही चटया गुंडाळायला घेतल्या. काशी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली होती. ती उठली नाही. मोटारसायकलवाल्याने दोनदा येऊन विचारलं, निघू या का म्हणून. ठरल्यावर निघू, असं ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने त्या गावातल्या दोन बायका चटई परत उलगडून तिच्याशेजारी बसल्या.